मागाच्या शेडमधलं विमान

अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर. भिंतीपलीकडं टॉवेलचे माग चालू आहेत, ती खटखट तुम्हाला पूर्ण व्हिडिओभर ऐकू येणार, आम्ही मुद्दाम काढलेली नाही. आणि भिंतीच्या अलीकडं, जिथं आधी चादरीचे माग होते, तिथं विमान बनतंय. मॉडेल नाही, गणपतीचा देखावा नाही, दोन माणसं बसून उडतील असं खरं विमान.

बनवणारा पस्तिशीतला आहे, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, वडलांचा चादरीचा कारखाना होता, धंदा बसल्यावर माग विकले आणि शेड तेवढी राहिली. माझं नाव घालू नका, काम दाखवा, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, म्हणून आपण काम बघू. याआधी त्यानं विमानाचा एक नटसुद्धा फिरवलेला नव्हता.

ही ती पेटी. लाकडी, आणि पटाशीनं फळ्या उचकटताना सगळे कसे भोवती उभे राहिलेत बघा. बंदरातून ती सुटायला जे काही झालं त्याचं शूटिंग आपल्याकडं नाही, त्यामुळं थेट आतच बघू. वर कागदाचा थर, खाली पत्रे, पत्र्यांच्या खाली वाकवलेल्या पट्ट्या, रिब म्हणजे पंखाच्या आतल्या बरगड्या, आणि छोट्या पाकिटांत हजारो रिपिट. विमान आहे झेनिथ कंपनीचं सीएच ७५०, अमेरिकेत मिसुरी राज्यात मेक्सिको नावाचं गाव आहे तिथं याचे किट बनतात. डिझाईन ख्रिस हाईन्ट्झ यांचं, हा माणूस आधी कॉन्कॉर्डवर काम केलेला इंजिनिअर, आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणाऱ्या विमानावर, आणि नंतर आयुष्यभर त्यानं काय केलं तर घरच्या गॅरेजमध्ये साध्या माणसाला बनवता येतील अशी हळू उडणारी विमानं काढली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

किट म्हटलं की लोकांना वाटतं पेटी उघडली, नटबोल्ट आवळले, झालं. तसं अजिबात नाहीय. अमेरिकेत तर नियमच आहे की घरी बनवलेलं विमान म्हणून नोंद करायची असेल तर निम्म्याहून जास्त काम, म्हणजे ५१ टक्के, बनवणाऱ्यानं स्वतः केलेलं पाहिजे. पत्रे कापून येतात, वाकवून येतात, बऱ्याच भोकांच्या जागाही आलेल्या असतात, पण विमान त्या पेटीत नसतं, ते बनवावं लागतं.

नवीन माणसाला सुरुवात करायला लावतात रडरपासून. शेपटीवरचं ते उभं पान. या विमानात ते पूर्णच्या पूर्ण फिरतं, मागं थोडासा भाग हलतो आणि पुढचा गच्च असतो तसं नाही. आकारानं लहान, टेबलावर मावतं, पण पंखात जे जे करायचंय ते सगळं यात एकेकदा करावं लागतं, म्हणून आधी हे. आणि आमच्याकडं सगळ्यात चांगलं शूटिंग याचंच आहे, तर जरा निवांत बघू.

दोन पत्रे एकमेकांवर ठेवले. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, नुसता हात लावला तरी थरथरतो. आधी बारीक भोक, अडीच मिलिमीटरच्या आतलं. भोक पडलं की त्यात क्लेको. ही जी चंदेरी, तांब्याच्या रंगाची पिनं रांगेनं उभी दिसतायत ना, तेच क्लेको. आत स्प्रिंग असते, खास पकडीनं दाबून भोकात घालायचं, सोडलं की दोन्ही पत्रे घट्ट धरून ठेवतं. रंगावरनं भोकाचं माप कळतं, बारीक भोकाला चंदेरी, त्याच्या वरच्याला तांब्याचा, त्याच्याही वरच्याला काळा. म्हणजे लांबनं नुसता रंग बघून सांगता येतं काम कुठंपर्यंत आलंय.

मग भोक मोठं करायचं, सव्वातीन मिलिमीटरपर्यंत. सगळी भोकं मोठी झाली, सगळं बरोबर जुळलं, आता रिपिट मारायचं असं वाटतं. नाही. आता सगळं परत सोडवायचं. एकेक क्लेको काढून पत्रे वेगळे करायचे, कारण ड्रिल मारल्यावर भोकाच्या कडेला बर, म्हणजे उचललेली धार, राहतो, दोन पत्र्यांच्या मध्ये किस अडकलेला असतो, तो तसाच राहिला तर पत्रे एकमेकांना टेकत नाहीत, आणि ती धारदार कड म्हणजे पुढं जाऊन तडा. इंजिन चालू असेपर्यंत विमान कंप पावत राहणार, तडा असल्याच ठिकाणाहून सुरू होतो. म्हणून प्रत्येक भोक, दोन्ही बाजूंनी, हातानं साफ. बोटाचं टोक फिरवून बघतोय तो, टोचलं की परत. मग पुसून, जिथं पत्र्यावर पत्रा बसणार तिथं प्रायमर लावून, परत सगळं जुळवून, परत क्लेको, आणि मग रिपिट.

(इथे निवेदन थांबवा. फक्त रिपिट तुटल्याचा आवाज.)

रिपिट आपल्या पत्र्याच्या शेडला मारतात तसंच ओढायचं, पण टोक बघा जवळून. डोकं चपटं आहे. आणि रिपिट ओढायच्या गनच्या नाकाला आतून खोलगट वाटीसारखा आकार दिलाय. ओढलं की ते चपटं डोकं त्या खोलगटात दाबलं जाऊन वरून गोल होतं आणि पत्र्याच्या कडेला घट्ट बसतं. एखादं तिरकं बसलं तर ते फेकायचं, डोकं तेवढं ड्रिलनं उडवायचं, भोक मोठं न होऊ देता, आणि नवीन मारायचं. इथं चालतंय की, कोण बघतंय, असं नाही.

आता अण्णांकडं येऊ, कारण माझ्या मते ही फिल्म जेवढी विमानाची आहे तेवढीच अण्णांची आहे.

अण्णा साठी ओलांडलेले. आयुष्य जॉबर म्हणून गेलं, म्हणजे माग बिघडला की तो लावणारा माणूस. याच शेडमध्ये, याच्याच वडलांकडं. जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर हजारो दोरे, हुक, सुया, त्यातलं एक चुकलं की चादरीवरच्या मोराची मान तुटते, आणि अण्णा लांबनं नुसत्या आवाजावर सांगायचे कुठला माग आजारी पडलाय. सोलापुरी चादर सगळ्या देशाला माहितीय, जीआय मानांकन पण मिळालंय तिला, पण ती चादर ज्या मशीनवर निघते ती मशीन चालू ठेवणारा हात कुणाला माहिती नाही. माग बंद झाले तसे हे हात घरी बसले, कोण वॉचमन झालं, कोण रिक्षा घेतली.

अण्णा आधी नुसते बघायला आले होते. पत्रा उचलून बघितला आणि म्हणाले, "एवढ्या पातळ पत्र्यावर बसून जाणार होय बे तू?" आणि मग दुसऱ्या दिवशी चष्मा आणि स्वतःची कानस घेऊन आले.

हे दृश्य नीट बघा. अण्णांनी खूण करायला खिशातनं स्क्रायबर काढलाय, टोकदार पोलादी, चाळीस वर्षांची सवय आहे, पत्र्यावर रेघ ओढायची आणि रेघेवर कापायचं. आणि विमान बनवणारा त्यांचा हात धरतोय. "अण्णा, ओरखडा नको. तिथनंच फाटंल." पेन्सिल पण चालत नाही, शिशात ग्रॅफाईट असतं, ते ॲल्युमिनियमवर राहिलं आणि ओल लागली की तिथं धातू खायला सुरुवात होते. मार्कर पेननं खूण करायची, बस. अण्णांनी स्क्रायबर परत खिशात घातला, त्यानंतर शेडमध्ये तो कधी बाहेर आला नाही, आणि आता आयटीआयची जी दोन पोरं मदतीला येतात त्यांच्या हातात पेन्सिल दिसली की पहिले अण्णाच ओरडतात.

राईट बंधू आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. पण १९०३ साली त्यांच्या विमानाला इंजिन पाहिजे होतं, कुणी बनवून देईना, तेव्हा ते कुणी बनवलं? त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या मेकॅनिकनं. चार्ली टेलर. लेथ, ड्रिल मशीन आणि हातातली अवजारं एवढ्यावर त्यानं सुमारे सहा आठवड्यांत इंजिन उभं केलं, ॲल्युमिनियमचा क्रँककेस, १२ हॉर्सपॉवरच्या आसपास. म्हणजे विमानाच्या अगदी पहिल्या दिवसापासून त्यात एक अण्णा आहे. आणि आपल्याच महाराष्ट्रात बघा, अमोल यादव यांनी कांदिवलीत बिल्डिंगच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बनवलं, किट नाही, स्वतःचं डिझाईन, २०१६ ला मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते लोकांनी बघितलं, २०१७ ला डीजीसीएकडं, म्हणजे विमानांचे नियम बघणाऱ्या सरकारी खात्याकडं, नोंद झाली, उडवून बघायचा परवाना २०१९ ला. गच्चीवर होऊ शकतं तर एमआयडीसीत का नाही, असं या शेडमध्ये सगळ्यांचं म्हणणं आहे आणि माझंही तेच आहे.

हा मे महिना. सोलापूरचा मे म्हणजे ४२, ४३, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. आता पंखाचं काम चाललंय, एकेक पंख साधारण चार मीटरचा. शटरमधनं ऊन आत येतं आणि एक पत्रा उन्हात, एक सावलीत असं झालं की गडबड. ॲल्युमिनियम तापलं की वाढतं, चार मीटरच्या पत्र्यात वीस डिग्रीचा फरक पडला तर जवळजवळ दोन मिलिमीटर. आणि भोक केवढं, सव्वातीनचं. दुपारी जुळलेलं रात्री जुळत नाही. त्यामुळं उन्हाळाभर लांब पत्र्यांचं काम पहाटे, चहा यायच्या आधी, शटर अर्धं खाली ओढून. दुपारी लहान कामं, बर काढणं, कंट्रोलच्या केबल, पुली.

पंखाच्या पुढच्या कडेला अजून एक अरुंद पट्टी दिसतीय बघा, मध्ये फट ठेवून बसवलेली. त्याला स्लॅट म्हणतात. विमानानं नाक खूप वर केलं तरी त्या फटीतनं हवा पंखाच्या वर वळून चिकटून राहते, पंख लवकर सोडत नाही, म्हणून हे विमान एवढ्या हळू उडू शकतं आणि थोडक्या जागेत उठतं. बाकी दिसायला फार देखणं नाही असं लोक म्हणतात. मला तर दिसतं.

(वडील शेडमध्ये येतात. निवेदन नाही.)

इंजिन. ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१२, १०० हॉर्सपॉवरचं, साठ-पासष्ट किलो. हे उचलायला वेगळं काही आणावं लागलं नाही, शेडच्या गर्डरला मागाचे बीम, म्हणजे दोरे गुंडाळलेले जड रूळ, उचलायची चेन पुली अजून तशीच लटकत होती, त्याच पुलीनं इंजिन वर गेलं, अण्णा साखळी ओढतायत, एकेक कडी. बोल्ट आवळले टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळायच्या पान्यानं, आणि मग ही लॉक वायर. बोल्टच्या डोक्यातल्या भोकातनं बारीक तार ओवून, पीळ देऊन शेजारच्या बोल्टला अशी बांधायची की बोल्ट सैल व्हायला गेला तर तार त्याला आवळायच्याच दिशेला ओढते. पहिल्या दिवशी त्या पोरांनी उलट्या बाजूनं बांधली होती. अण्णांनी काही न बोलता कापली आणि परत त्यांच्याच हातात दिली.

तेल बघायची पद्धत पण वेगळी आहे. पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, हातानं फिरवत राहायचा, हळूहळू, इंजिनातलं तेल टाकीत परत जातं आणि शेवटी टाकीतनं गुडगुड असा आवाज येतो, मग काडी बुडवून बघायची. तो आवाज आम्ही रेकॉर्ड केलाय, पलीकडचे माग जेवणाच्या सुट्टीत बंद होते म्हणून मिळाला.

वजन. तीन चाकांखाली तीन काटे, मार्केट यार्डात कांद्याच्या आडतीवर असतात तसलेच, ओळखीतनं आणलेले. नुसतं एकूण वजन नाही, कुठल्या चाकावर किती आलं त्यावरनं तोल कुठं आहे ते काढायचं. हे फक्त अंदाजासाठी, अधिकृत वजन तपासलेल्या काट्यांवर परत होणार.

उडणार कधी, हे सगळेच विचारतात. डीजीसीएची नोंदणी, तपासणी, परमिट टू फ्लाय, हे सगळं व्हायचंय, पहिलं उड्डाण अनुभवी पायलटच करणार आणि गावावरून नाही. पेट्रोलचाही प्रश्न आहे, हे इंजिन साधं पेट्रोल पितं पण १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं आणि आता पंपावर २० टक्केवालं मिळतं, मग विमानाचं ॲव्हगॅस आणावं लागणार, त्यात शिसं असतं म्हणून ऑईल लवकर बदलावं लागतं. पैसा किती गेला ते त्यानं सांगितलं नाही, शेडचा अर्धा भाग भाड्यानं दिलाय एवढं दिसतं.

सोलापुरात विमान म्हटलं की आजवर एकच विषय होता, होटगी रोडची चिमणी, विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची. १५ जून २०२३ ला ती पाडली, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, बरंच झालं. पण तिकीट काढून बसणं ही एक गोष्ट आणि विमान समजणं ही वेगळी. या गावात पत्र्याचं काम करणारी, लेथवर बसणारी, मागाचे पार्ट कानस मारून जुळवणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. आयटीआयच्या पोरांना वर्षातनं आठ दिवस जरी असल्या शेडमध्ये पाठवलं, एक रडर बनवायला लावलं, तरी किती फरक पडेल. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही, एक कॉम्प्रेसर, एक ड्रिल, शंभरेक क्लेको आणि शिकवणारा जॉबर लागतो, तो इथं आहे.

डावा पंख झालाय. उजव्या पंखाची रिपिट आता ती दोन पोरं मारतायत, बनवणारा आता फक्त तपासतो, आणि तिरकं बसलेलं सापडलं की मार्करनं गोल करून पुढं जातो. आज अकरा गोल आहेत. पोरांनी ड्रिल हातात घेतलंय, संध्याकाळच्या आत ती अकरा काढून परत मारायची आहेत.