लाकूड जपू नका, ऊब जपा

(वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, खानदेशात घर गरम ठेवण्यावर व्याख्यान आहे म्हटल्यावर काही जण हसले असतील. साहजिक आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा घर गार कसं करायचं हीच आपली चिंता असते. पण थंडीची लाट आली की राज्यातल्या सर्वांत गार गावांत धुळ्याचं नाव हमखास येतं. पारा ४-५ अंशांवर आल्याचं आपण पेपरात वाचतो. सातपुड्यातल्या धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या लोकांना त्यासाठी पेपर वाचावा लागत नाही. शिवाय आपली थंडी विचित्र. दुपारी बाह्या दुमडाव्या लागतात आणि पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही. थंड देशांत महिनोन्‌महिने रात्रंदिवस घर तापवतात. आपल्याला संध्याकाळचे आणि पहाटेचे थोडे तास निभवायचे असतात. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

गॅसविरुद्ध मी काही बोलायला आलेलो नाही. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, स्वयंपाकघरात सिलिंडर आलं, चांगलंच झालं. पण आंघोळीचं पाणी आणि शेकणं यांसाठी खेडोपाडी आजही लाकूडच जळतं. फुकटचं सरपण समोर पडलेलं असताना पाणी तापवायला कोण सिलिंडर लावेल? तेव्हा जळणारच आहे तर ते नीट कसं जाळावं, एवढाच आजचा विषय.

लाकडाची एक गंमत अशी की ज्वाळा दिसते ती थेट लाकडाची नसते. लाकूड तापत तापत २००-३०० अंशांपर्यंत गेलं की त्यातून वायू सुटू लागतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांश भाग, कधी त्याहून जास्त, असा वायू होऊन निघतो. मागे उरतो तो कोळसा. हे वायू पेटले की ज्वाळा होते. ते पुरते जळायला साधारण ६०० अंशांच्या वरची आच लागते, हवा लागते आणि त्या आचेत थोडा वेळ थांबायला जागा लागते. यातलं एकही कमी पडलं की ते अर्धवट जळून वर जातात, आणि तोच धूर. म्हणजे धूर हा जळण्याचा कचरा नाही, ते न जळलेलं जळण आहे. फाटक्या पोत्यातून बाजारच्या वाटेवर धान्य सांडत जावं, तसा तो जातो. डोळे चुरचुरतात ते त्याने, भिंत काळी होते ती त्याने, आणि मोळी लवकर संपते तीही त्यानेच. स्वच्छ जाळणं आणि काटकसरीने जाळणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

आता आपली रीत बघा. सरपण पुरलं पाहिजे म्हणून आपण ते मंद जाळतो. रात्री मोठा ओंडका सारायचा, वरून राख लोटायची, सकाळपर्यंत धुमसत राहील अशी व्यवस्था करायची. विस्तव राखण्यापुरतं ते ठीक होतं. काडेपेटी जपून वापरायची, तेव्हाची ती गरज होती. पण घर तापवायला यासारखी उधळपट्टी नाही. धुमसणाऱ्या लाकडातून वायू सुटत राहतात आणि पेटायला लागणारी आच तिथे नसतेच. निम्मं लाकूड धुराड्यातून, नाहीतर आपल्या छातीतून जातं. माझं सांगणं उलट आहे: लाकूड झपाट्याने जाळा, भरपूर हवा देऊन, भडकत्या जाळात, तास-दीड तासात संपवा. आणि त्यातून निघालेली ऊब कशात तरी साठवा. जपायची ती ऊब.

मागे एका आजींना हे सांगत होतो. त्या म्हणाल्या, “धूर नही त चुल्हा कसाना?” मी म्हटलं, आजी, पेटताना दहा मिनिटं धूर येणारच. त्यानंतरही येत असेल, तर एक तर लाकूड ओलं आहे, नाहीतर चुलीचं तोंड तुम्ही बुजवलंय.

ओल्या लाकडाचा हिशेब एकदा मांडून बघू. नुकत्याच तोडलेल्या किलोभर लाकडात अर्धा किलोच्या आसपास पाणी असतं. त्याची वाफ करायला तीनशेएक किलोकॅलरी जातात. उरलेलं अर्धा किलो लाकूड देतं सव्वादोन हजारांच्या आसपास. म्हणजे कागदावर तोटा सातव्या हिश्श्याचा. कोणी म्हणेल, एवढंच ना? पण खरा तोटा या आकड्यात दिसतच नाही. ते पाणी उकळत असताना आच वर चढू देत नाही, ६०० अंश गाठले जात नाहीत, आणि मग सुटलेला वायू धूर होऊन जातो. फुंकणीने गाल दुखेपर्यंत फुंकलं तरी उपयोग नसतो.

इथे मात्र निसर्गाने आपल्याला झुकतं माप दिलंय. युरोपात फोडलेलं लाकूड सुकायला वर्ष, दोन वर्षं ठेवायला सांगतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखाची हवा इतकी कोरडी असते की मनगटाएवढ्या ढलप्या त्या दोन महिन्यांतच खडखडीत होतात. अट एकच, लाकूड फोडलेलं हवं. सालीसकट अख्खा ओंडका आतून ओलाच राहतो. आणि हे कमावलेलं सगळं आपण पावसाळ्यात घालवतो. ढीग जमिनीवर असतो, वरून प्लॅस्टिकचा कागद चहूबाजूंनी घट्ट गुंडाळलेला, की आत बुरशी. खाली दोन दगड-फळ्या द्या, वरून पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवा. लाकूड सुकलं का हे बघायला यंत्र नको. टोकाला चिरा पडल्यात का बघा, दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. टणक वाजल्या तर वाळल्या, बद्द वाजल्या तर अजून वेळ आहे.

कोणतं लाकूड, हा वाद पारावर फार चालतो. बाभूळ, धावडा, अंजन ही जड लाकडं. अंजन तर आपल्या सातपुड्याच्या पायथ्याचं, भारतातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक. सालई, पांगारा हलकी. पण किलोला किलो धरलं तर वाळलेल्या लाकडांच्या उष्णतेत फार फरक नसतो, फरक असतो तो आकारमानात आणि निखारा किती टिकतो यात. निखाऱ्यासाठी अंजन-धावडा तोडायचा, हे मला पटत नाही. जोरदार जाळाला बारीक काटकी, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या उत्तम. भरीतवाल्यांना विचारा. जळगावचं वांगं भाजायला पऱ्हाट्यांचा जाळ का लागतो, ते त्यांना ठाऊक आहे. प्लायवुडचे तुकडे, रंग दिलेल्या जुन्या चौकटी मात्र घरात जाळू नका. सुतार फुकट देतो म्हणून लोक आणतात. त्यातला डिंक आणि रंग जळून काय होतं ते नाकाला लगेच कळतं.

आता हवेकडे येऊ. चुलीचं तोंड लाकडांनी गच्च भरलं की हवा जायला वाटच राहत नाही. लाकडं खाली एका लोखंडी जाळीवर ठेवा, राख खाली पडेल आणि हवा खालून येईल. पण एवढ्यानं भागत नाही. वायू जळतो तो लाकडाच्या वर, तेव्हा तिथेही हवा पोचली पाहिजे. म्हणून चांगल्या शेगडीत वरच्या बाजूला भोकांची रांग असते आणि तिच्यातून तापलेली हवा ज्वाळेत शिरते. दार असलेल्या बंद पेटीसारख्या शेगडीत पेटवण्याची रीतही उलटी: जाड लाकडं खाली, काटक्या वर, आणि आग सगळ्यात वर लावायची. खालच्या लाकडाचा वायू वरच्या ज्वाळेतूनच जातो आणि जळतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वेडेपणा वाटतो.

आपल्याकडचं सर्वांत हुशार यंत्र मात्र जुनंच आहे: तांब्याचा बंब. खाली जाळी, मधून नळकांडं, भोवती पाणी. गरम वायू वर जाता जाता पाण्याला ऊब देऊन जातो. ज्याने हे केलं त्याला उष्णता कळत होती. तरी एक खोट आहे. ज्वाळा पुरती जळायच्या आतच तिला थंड पाण्याची भिंत लागते, ती विझते, आणि नळकांड्यात काजळी धरते. सकाळी बंब पेटला की पहिली पंधरा मिनिटं अंगणभर धूर होतो तो त्यामुळे. नवीन चूल बांधताना हा धडा घ्यायचा: आधी जाळ पुरा होऊ द्यायचा, मग त्याच्याकडून ऊब घ्यायची. जिथे जळतं ती जागा जाड आणि उष्णता अडवणारी हवी. मातीत भुसा कालवून केलेल्या विटा चालतात. भुसा जळून गेला की विटेत पोकळ्या राहतात, त्या आच बाहेर जाऊ देत नाहीत.

आणि ऊब घ्यायची कशात? मातीत. कोरियातल्या जुन्या घरांत चुलीचा गरम वायू जमिनीखालून, उत्तर चीनमध्ये झोपायच्या ओट्याखालून फिरवून मग धुराड्यात सोडतात. रशियात विटांची भलीमोठी भट्टी दिवसातून एक-दोनदा जोरात पेटवतात आणि दिवसभर तिची ऊब घेतात. आपल्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांत पुरुषभर जाडीच्या नसल्या तरी हातभर जाडीच्या मातीच्या भिंती होत्याच. चुलीशेजारी ५०० किलो माती-विटांचा ओटा बांधला आणि तो ३० अंशांनी तापवला, तर त्यात साधारण साडेतीन युनिट विजेइतकी उष्णता साठते. हजार वॉटचा हीटर साडेतीन तास चालवल्यासारखं. नीट जाळलं तर त्याला लाकूड लागतं सव्वा-दीड किलो. संध्याकाळी सातला पेटवा, साडेआठला विझू द्या, पहाटेपर्यंत ओटा कोमट. आपल्या थंडीला, जिला थोडेच तास निभवायचे असतात, हे नेमकं बसतं. पत्र्याच्या खोलीत मात्र हे करू नका. आधी छताखाली काहीतरी घाला, नाहीतर तुम्ही आभाळ तापवत बसाल.

आता एक गोष्ट मी जरा थांबून सांगणार आहे, कारण आतापर्यंत मी धुराला इतकी नावं ठेवली की तुम्हाला वाटेल, धूर नाही म्हणजे धोका नाही. तसं नाही. सर्वांत घातक असतो तो लालबुंद निखारा. त्यावर धूर नसतो, वास नसतो, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं उबेनेच येतेय. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात. आपल्या घरांत आणखी एक जागा आहे: बाळंतिणीची खोली. दारं-खिडक्या बंद, फटींत कापडं कोंबलेली, खाटेखाली कोळशाची शेगडी, वर ओवा-वावडिंगाची धुरी. शेक द्या, मी नाही म्हणत नाही. पण निखारे बाहेर फुलवा, शेकताना खिडकी उघडी ठेवा, शेकून झालं की शेगडी बाहेर. आई आणि दहा दिवसांचं बाळ त्या खोलीत शेगडीसोबत झोपता कामा नये. सासूबाईंना राग आला तर माझं नाव सांगा.

धुराड्याचं सांगतो. १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. कागदावर तीन कोटींहून जास्त चुली बसल्या, आणि २००२ च्या सुमारास तो गुंडाळला. चुली फुटल्या, धुराडी तुंबली, दुरुस्तीला कोणी आलं नाही. पण सगळा दोष यंत्रणेचा नव्हता. सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या घरात चुलीवर मक्याची कणसं टांगलेली असतात. धुराने बियाण्याला कीड लागत नाही, छताचा बांबू पोखरला जात नाही. तुम्ही धूर बाहेर काढलात आणि बियाण्याचं काय करायचं ते सांगितलं नाहीत, तर बाई धुराडं काढून ठेवणारच. तिला विचारूनच चूल बांधायला हवी होती. शिवाय धुराडं धूर नाहीसा करत नाही, फक्त बाहेर नेतं. हिवाळ्यात संध्याकाळी जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, वरची त्या मानाने गरम, मग गावभर धुराचा थर घरांच्या उंचीवरच तरंगत राहतो. हवेतल्या सूक्ष्म कणांची आपली राष्ट्रीय मर्यादा २४ तासांना घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. धुरकट चुलीच्या खोलीत हा आकडा कित्येकशे असतो, फुंकताना हजारांतही जातो.

(श्रोत्यांतून प्रश्न: आमच्याकडे दरवर्षी ट्रॉलीभर पऱ्हाट्या निघतात. त्या साठवून वर्षभर जाळल्या तर?)

जाळा, पण वर्षभर साठवू नका, नाना. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते. घराशेजारी किंवा बांधावर गंज रचली की पुढच्या पिकाला ती तिथूनच येते; म्हणून तर हंगाम संपला की पऱ्हाट्या उपटून काढायला सांगतात. बोंडं झाडून वेगळी करा आणि आधी तीच जाळा. पऱ्हाट्या हातभर तुकडे करून घट्ट जुड्या बांधा, म्हणजे सुट्यापेक्षा सावकाश आणि सारख्या जळतात. जानेवारीपासून पेटवायला लागा आणि मृगाच्या आत संपवा. पावसाळ्यासाठी बाभळीच्या ढलप्या वेगळ्या ठेवा.

(प्रश्न: धुराडं किती उंच आणि कधी झाडायचं?)

धाब्यावर किंवा स्लॅबवर कठड्याच्याही वर तीनेक फूट जाऊ द्या, नाहीतर वारा धूर खाली दाबतो. लाकडी वाशांतून किंवा कुडातून नळी नेत असाल तर भोवती वीतभर जागा मोकळी ठेवून मातीने लिंपा. नळी वाशाला टेकली की घर पेटायला एक थंडी पुरते. झाडायचं दिवाळीच्या साफसफाईत, आणि संक्रांतीला एकदा आत बघायचं. कोरडी, भुरभुरीत काजळी निघाली तर जाळ ठीक चाललाय. डांबरासारखं चिकट, चमकदार काही निघालं तर तुमचं लाकूड ओलं आहे, आणि ते डांबर धुराड्यातच पेटू शकतं. मग आधी ते खरवडून काढा, तोवर चूल पेटवू नका. आणि काढलेली राख पत्र्याच्या डब्यातच, पोत्यात नाही. आत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत असतो.