कोंड्यात गेलेलं

[दृश्य : कोकणातलं अंगण. चुलीवर मोठं तपेलं, वाफ.]

निवेदन : हे भात अजून कांडलेलं नाही. आधी भिजवलं, आता टरफलासकट उकडतंय. वाळलं की गिरणीत जाईल. उकडा तांदूळ! शहरातला पाहुणा ताटातला हा जाडा, तांबूस भात बघून नाक मुरडतो. त्याला आधी जावा बेटावर नेऊ.

[दृश्य : जुना नकाशा. मग कोंबड्या.]

निवेदन : बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता. साल 1889. बेरीबेरी या आजारानं माणसांचे पाय लुळे पडत, अंगावर सूज चढे, हृदय थकून माणूस दगावे. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान त्यामागचा जंतू शोधत होते. तेवढ्यात त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याच लंगडू लागल्या. आणि काही महिन्यांनी औषधाविना बऱ्याही झाल्या.

छडा लागला मुदपाकखान्यात. मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळातला उरलासुरला पांढराशुभ्र भात घालत होते. मग नवा आचारी आला. लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना कशाला, म्हणून त्यानं तो बंद केला. कोंडा न काढलेला तांदूळ पुन्हा सुरू झाला, कोंबड्या उभ्या राहिल्या. नोबेल 1929 साली आइकमान यांना मिळालं, आचाऱ्याला नाही.

आइकमान यांना वाटलं, पांढऱ्या तांदळात काही विष असावं. 1901 मध्ये दुसरे डच डॉक्टर खेरिट ख्राइन्स यांनी उलटं सांगितलं : विष नाही, काहीतरी कमी पडतंय. ते म्हणजे थायमिन, ब-1 जीवनसत्त्व. तांदळाला पॉलिश केलं की कोंड्याबरोबर तेही जातं.

[दृश्य : पुन्हा तपेलं. मूठभर उकडलेलं भात.]

निवेदन : थायमिन पाण्यात विरघळतं. भात भिजताना, उकडताना ते कोंड्यातून आतल्या दाण्यात मुरतं. मग गिरणीनं कितीही घासलं तरी बरंचसं आतच राहतं.

पांढरा तांदूळ खाऊच नये असं नाही. सोबत डाळ, उसळ, शेंगदाणे असले की भरपाई होते. अडचण येते ती नुसत्या पांढऱ्या भातावर दिवस काढणाऱ्यांची, आणि दारूच्या आहारी गेलेल्यांची, कारण दारू थायमिन अंगी लागू देत नाही. शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. त्यात आपण तांदूळ चार-चार पाण्यांनी चोळून धुतो, भात वेळतो आणि पेज मोरीत ओततो.

[दृश्य : सकाळ. वाडग्यात पेज, बाजूला खारातली कैरी. पाहुणा फुंकर घालतोय.]