निकाल कोण देतो?

(सोलापुरातील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षसाहेब आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘जिहादी बंडखोरीचा मुकाबला कसा करावा’. अशा विषयाला लोक निवृत्त कर्नल नाहीतर ब्रिगेडियर बोलावतात. तुम्ही दिवाणी वकील बोलावलात, त्याबद्दल आयोजकांचे आभार. माझं आयुष्य तालुका कोर्टात गेलं, आणि तिथे बसूनच माझं मत पक्कं झालं की हा विषय जितका पलटणीचा, तितकाच दिवाणी कोर्टाचा आहे.

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. विमानाला लटकलेली माणसं तुम्ही-आम्ही टीव्हीवर पाहिली. पण खेड्यापाड्यांतलं सरकार त्याच्या कितीतरी आधी गेलं होतं. तालिबानचे काझी मोटरसायकलवरून गावोगाव फिरायचे. जमिनीचा वाद, पाण्याची पाळी, वारसाहक्क, जे असेल ते दोन्ही बाजू समोर बसवून ऐकायचे आणि थोड्या दिवसांत निकाल द्यायचे. सरकारी कोर्टात लाच दिल्याशिवाय कागद हलत नव्हता, आणि निकाल मिळालाच तरी तो अमलात कोण आणणार? काझीच्या निकालामागे बंदूक होती. ज्या शेतकऱ्याला तालिबान मुळीच आवडत नव्हते, तोही आपला वाद तिकडे घेऊन जायचा.

सोमालियात तेच. अल-शबाब या तिथल्या जिहादी संघटनेने ऑगस्ट २०११ मध्ये राजधानी मोगादिशू सोडली. शहर सरकारकडे आलं. तरी शहरातली माणसं जमिनीचा खटला घेऊन अल-शबाबच्या मुलखात जातात, कारण तिथे दिलेला निकाल मोगादिशूतला माणूससुद्धा भीतीने पाळतो. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत नायजर नदीच्या पूरक्षेत्रात गुराखी समाजाला चराईसाठी मोठी रक्कम मोजावी लागायची. अमादू कुफाच्या जिहादी टोळीने नेमका तो राग हेरला.

मी त्या कोर्टांची भलामण करत नाही. तिथे हात तोडतात. मालीत २०१२ साली एका जोडप्याला दगडांनी ठेचून मारलं. बाईच्या साक्षीला तिथे पुरुषाइतकी किंमत नाही, वकील नाही. पण असल्या दारातही माणूस पाऊल का टाकतो, हे समजून घेतल्याशिवाय बाकी सगळी चर्चा व्यर्थ आहे. ते मला कुणा परदेशी तज्ज्ञाने शिकवलं नाही, आमच्या घरच्या बांधाने शिकवलं.

आमची जमीन भीमेकाठी. वडील शेती बघायचे. शेजारच्या गटवाल्याने बांध कोरायला सुरुवात केली. दरवर्षी नांगरटीला नांगराची एक ओळ आत, पुढच्या वर्षी आणखी एक. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी हे झालं असेल, माना हलताहेत. वडिलांनी मोजणीचा अर्ज केला. तेव्हा साधी मोजणी वेगळी, तातडीची वेगळी, अतितातडीची वेगळी असायची. वडिलांनी तातडीचे पैसे भरले. तारीख आली, मोजणीदार आला नाही. पुन्हा तारीख. या वेळी आला, पण शेजारच्या एका सहहिस्सेदाराला नोटीस पोचली नव्हती, म्हणून मोजणी रद्द. तिसऱ्या वेळी मोजणी झाली, हद्दीच्या खुणा रोवल्या, आणि पहिल्याच पावसात त्या खुणा कुणीतरी उपटल्या.

मग दावा. कोर्ट कमिशनर नेमायचा अर्ज, त्यावर हरकत, हरकतीवर म्हणणं, म्हणण्यावर युक्तिवाद. मध्येच प्रतिवादी वारला, त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यायचे. एक वारस पुण्यात, एक गुलबर्ग्याला, समन्स परत येतंय. न्यायाधीशांची बदली झाली, नव्यांनी फाईल पहिल्यापासून वाचायला घेतली. वडील प्रत्येक तारखेला पहाटेच्या एसटीने यायचे, धोतर-टोपी कडक इस्त्रीची, हातात कागदांची पिशवी. संध्याकाळी परत. मी स्वतः वकील, मुलाच्या ओळखीचं कोर्ट, तरी ही गत. ज्याच्या घरात वकील नाही त्याचं काय होत असेल, हा विचार मला आजही झोपू देत नाही.

त्याच सुमारास गावातला एक ‘भाऊ’ घरी आला. मागे चारपाच पोरं, गळ्यात चेन. म्हणाला, “आण्णा, हुकूम करा. दोन दिवसांत बांध सरळ करून देतो. पैसे नकोत, फक्त निवडणुकीला आमच्यासोबत राहा.” वडील बराच वेळ गप्प बसले. मंडळी, त्या गप्प बसण्यात मला काबूलचं उत्तर सापडलं. माझे वडील वारकरी, कुणाला शिवी न दिलेला माणूस. त्यांच्याही मनात ‘हो म्हणावं का’ हे येऊन गेलं होतं. शेवटी म्हणाले, “बाबा, आज तू त्याचा बांध सरकवशील, उद्या माझा.” आणि त्याला चहा देऊन परत पाठवलं. पण प्रत्येक गावात प्रत्येक माणूस इतका थांबेल, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? आणि इथे भाऊकडे चेन होती, सोमालियात त्याच्याकडे एके-४७ आणि धर्मग्रंथाचा आधार असतो.

(टाळ्या)

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. खरा विषय तर आता सुरू होतोय, तेव्हा भरभर सांगतो.

पहिलं, बळ लागतंच. जानेवारी २०१३ मध्ये जिहादी टोळ्या मालीत दक्षिणेकडे सरकत होत्या. फ्रेंच फौज उतरली नसती तर त्यांना अडवायला कुणी नव्हतं. पण त्या फौजेने फक्त वेळ मिळवून दिला. त्या वेळात राजधानी बामाकोतल्या सरकारने गावात ना ठाणं उभं केलं, ना कोर्ट. मार्च २०२२ मध्ये मालीचं सैन्य आणि सोबतचे परदेशी भाडोत्री मौरा गावात शिरले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनुसार किमान ५०० माणसं मारली गेली. त्या गावच्या पोरांना आता सरकारची बाजू कोण पटवणार? संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०१७ साली आफ्रिकेत अशा संघटनांत आपणहून गेलेल्यांना विचारलं होतं की शेवटचा धक्का कशाचा बसला. ७१ टक्के लोकांनी सांगितलं, सरकारी कारवाईचा: नातेवाईक किंवा मित्र मारला गेला, उचलला गेला.

दुसरं, ताब्यात आलेला माणूस मारू नका. नायजेरियात बोको हराम या जिहादी संघटनेचा म्होरक्या मोहम्मद युसुफ जुलै २००९ मध्ये लष्कराने जिवंत पकडून पोलिसांच्या हवाली केला. त्याच दिवशी तो मेला. त्याची जागा अबुबकर शेकाऊने घेतली, आणि २०१४ मध्ये चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या गेल्या. युसुफवर भर कोर्टात खटला चालला असता तर त्याच्या शिकवणीची उलटतपासणी झाली असती. काश्मीरमध्ये एप्रिल २०१० मध्ये माछिलला तीन गावकऱ्यांना घुसखोर म्हणून मारलं. त्या उन्हाळ्यात खोरं पेटलं, शंभरावर माणसं गेली.

याच्या उलट आपल्या महाराष्ट्राचं उदाहरण घ्या. तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर झेलून कसाबला जिवंत पकडू दिलं. त्याला वकील दिला, साक्षी तपासल्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झालं. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. लोक त्यावर चिडले होते, मला मात्र तो निकालाचा सगळ्यात मजबूत भाग वाटतो. जे कोर्ट सोडू शकतं त्याच्याच शिक्षेवर जग विश्वास ठेवतं. आणि मुंबईच्या मुस्लिम कब्रस्तानाने कसाबच्या मारल्या गेलेल्या नऊ साथीदारांना दफनासाठी जागा नाकारली. हे काम कोणत्याही फौजेला जमलं नसतं.

तिसरं, परतीची वाट ठेवा. मॉरिटानियाने २०१० मध्ये तुरुंगातल्या जिहादींसमोर उलेमा, म्हणजे धर्मपंडित, बसवले, दिवसेंदिवस वाद घातला, ज्यांनी हिंसा सोडली त्यातल्या अनेकांना सोडलं. सोबत वाळवंटात उंटावरची पथकं पाठवली. ती गस्तही घालतात आणि भटक्यांची विचारपूसही करतात. शेजारी माली जळतोय, आणि मॉरिटानियात २०११ नंतर मोठा हल्ला नाही.

आणि दिलेला शब्द पाळा. इराकमध्ये अनबार प्रांतातल्या सुन्नी टोळ्या २००६ पासून अल-कायदाविरुद्ध उठल्या. पुढे बगदादच्या सरकारने त्या माणसांना ना नीट नोकऱ्या दिल्या, ना मान. जून २०१४ मध्ये मोसुल इसिसच्या हातात गेलं.

पैशाचा माग कसा काढायचा, इंटरनेटवरचा प्रचार, पाकिस्तानची भूमिका हे सगळं राहिलं. अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बार्शी-मोहोळची मंडळी शेवटच्या गाडीसाठी उठायच्या आत त्यांचे प्रश्न आधी घेऊ. चिठ्ठ्या इकडे द्या.