जेट विमान, थ्रॉटल आणि तिरका डेक

मंडळी, ३ डिसेंबर १९४५ रोजी चाचणी वैमानिक एरिक ब्राऊन यांनी ब्रिटिश नौदलाच्या ‘ओशन’ या विमानवाहू जहाजाच्या डेकवर, म्हणजे वरच्या सपाट पृष्ठभागावर, सी व्हॅम्पायर हे जेट विमान उतरवलं. निव्वळ जेटवर चालणारं विमान जहाजावर मुद्दाम उतरवण्याची ही पहिली वेळ. त्यासाठी मूळ व्हॅम्पायरला शेपटीकडे डेकवर आडव्या ताणलेल्या तारांत अडकून विमान थांबवणारा हूक बसवला होता, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या झडपा) मोठे केले होते आणि चाकांचे दांडे आदळआपट सोसतील असे बदलले होते. तरी चाचण्यांदरम्यान फ्लॅप डेकवरच्या तारांना लागू लागले आणि त्यांचा थोडा भाग कापावा लागला.

हे दोष कारखान्यात निस्तरता येतात. थ्रॉटलचं, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्याचं, तसं नव्हतं. प्रोपेलरच्या विमानात थ्रॉटल पुढे सारला की हवेचा झोत लगेच पंखांवरून वाहतो आणि खाली बसत चाललेलं विमान सावरतं. जेटमध्ये हा झोत नाहीच. शिवाय व्हॅम्पायरच्या गॉब्लिन इंजिनाला वेग घ्यायला काही सेकंद लागत. घाईने थ्रॉटल उघडला तर इंधन जास्त जाऊन टर्बाइन तापायचं किंवा आग विझून इंजिनच बंद पडायचं. जहाजाच्या मागच्या कडेपाशी पोहोचल्यावर हे काही सेकंद मिळतात कुठे?

डिसेंबर १९४७ मध्ये ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात नेमकं हेच घडलं. तिथे जमिनीवर हवा भरलेल्या नळ्या आडव्या अंथरून त्यावर रबराची चादर ताणली होती आणि ब्राऊन चाकं न काढता पोटावर उतरणार होते. विमान जास्तच खाली बसलं, इंजिनाने वेळेत जोर धरला नाही आणि विमान मोडलं. पुढे १९४८ च्या अखेरीपासून ‘वॉरियर’ जहाजावर रबरी डेकच्या चाचण्या यशस्वी झाल्या. तरीही ती कल्पना मागे पडली, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. बिनचाकी विमान दर वेळी क्रेनने उचलून गाडीवर ठेवायचं, तोवर मागचं विमान आकाशात इंधन जाळत घिरट्या घालणार.

सरळ डेकवरचा धोका याहून मोठा. तारा चुकल्या की समोर बॅरिअर, म्हणजे विमान अडवणारा आडोसा, आणि त्यापलीकडे उभी केलेली विमानं. १६ सप्टेंबर १९५१ रोजी कोरियाच्या युद्धात अमेरिकेच्या ‘एसेक्स’वर एक बॅन्शी जेट असंच पुढच्या विमानांवर जाऊन आदळलं, ७ जण दगावले.

त्याच्या महिनाभर आधी, ऑगस्ट १९५१ मध्ये, रबरी डेक जहाजावर कसा बसवायचा यावर चर्चा चालू असताना ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन डेनिस कॅम्पबेल यांनी उतरण्याची पट्टी जहाजाच्या लांबीला तिरकी करा, म्हणजे तिच्यासमोर उभी विमानं येणार नाहीत, असं सुचवलं. १९५२ मध्ये ‘ट्रायम्फ’वर नुसत्या तिरक्या रेषा रंगवून अंदाज घेतला, मग अमेरिकेच्या ‘अँटीटम’चा डेक प्रत्यक्ष १०.५ अंशांनी तिरका बांधला आणि जानेवारी १९५३ मध्ये त्यावर चाचण्या झाल्या.

हा बदल इतका मोलाचा का, ते नीट पाहू. समोर मोकळा समुद्र असल्याने डेक गाठण्याआधी इंजिन मंद करायची गरजच उरली नाही. वैमानिक टेकेपर्यंत इंजिन जोरात ठेवतो आणि चाकं लागताक्षणी थ्रॉटल पूर्ण उघडतो. हूक तारेत अडकला तर तार विमान थांबवते, नाही अडकला तर इंजिन आधीच फिरतंय, विमान सरळ उडून जातं. जोडीला वैमानिकाला आपली उंची बरोबर आहे का ते दाखवणारा, डेकवर बसवलेला निकोलस गुडहार्ट यांचा आरसा आला. आरशातला दिव्याचा ठिपका दोन्ही बाजूंच्या हिरव्या दिव्यांच्या रांगेवर गेला तर विमान उंच आहे, खाली घसरला तर विमान फार खालून येतंय. पूर्वी डेकवर उभं राहून हातातल्या बॅटींनी वैमानिकाला खुणा करणाऱ्या बॅटवाल्याचे हातवारे पाहून, ते ओळखून, मग हात हलवायचा, यात जाणारा वेळ वाचला.

आपल्या पहिल्या ‘विक्रांत’ला १९६१ मध्ये तिरका डेक, आरसा आणि विमान वेगाने पुढे फेकणारा वाफेचा कॅटापल्ट, तिन्ही मिळाले होते. त्यावर मे १९६१ मध्ये पहिलं सी हॉक जेट उतरवलं ते पुढे नौदलप्रमुख झालेल्या ताहिलियानी यांनी. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळंकर यांनी ‘विक्रमादित्य’वर नौदलाचं तेजस उतरवलं, त्याआधी गोव्यात, किनाऱ्यावर बसवलेल्या तारांवर, सप्टेंबर २०१९ मध्ये तेजस पहिल्यांदा हूकने तार पकडून उतरलं होतं.