न दिसणारा शार्क

[पडद्यावर : रात्रीचा शांत समुद्र. किनाऱ्यावर विझत आलेली शेकोटी.]

चित्रपटगृहातून बाहेर पडताना ‘पुस्तकाची सर नाही’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेले आणि स्वतःही म्हटलेले असते, की याच्या उलट काही घडत असेल हे सहसा मनातच येत नाही. बहुतेक वेळा ते वाक्य खरेही असते. मात्र काही मोजके चित्रपट असे आहेत, की ते आवडले म्हणून प्रेक्षक मोठ्या कुतूहलाने मूळ पुस्तकाकडे वळतो आणि शंभरएक पानांनंतर हिरमुसतो. स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी दिग्दर्शित केलेला आणि २० जून १९७५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘जॉज’ हा नरभक्षक शार्कवरचा चित्रपट त्यांपैकी एक, आणि माझ्या मते त्यांतला सर्वांत शिकण्यासारखा.

पुस्तक पडले होते आणि चित्रपटाने त्याला उचलून धरले, असे मात्र येथे झालेले नाही. मूळ कादंबरीचे लेखक पीटर बेंचली हे पत्रकार होते आणि अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यासाठी भाषणे लिहिण्याचे कामही त्यांनी केले होते. लाँग आयलंडजवळ एका कोळ्याने सुमारे दोन हजार किलो वजनाचा शार्क पकडल्याची १९६४ मधली बातमी त्यांच्या डोक्यात बरीच वर्षे घोळत राहिली आणि तिच्यातून त्यांची ही पहिली कादंबरी उभी राहिली. फेब्रुवारी १९७४ मध्ये ती प्रसिद्ध झाली, तडाखेबंद खपली, आणि तिचे चित्रपटाचे हक्क तर रिचर्ड झॅनक आणि डेव्हिड ब्राउन या निर्मात्यांनी ती बाजारात येण्याआधीच घेऊन ठेवले होते. पटकथेचे पहिले मसुदेही बेंचली यांनीच लिहिले. म्हणजे पुस्तकात जे बदल झाले, त्यांतल्या पहिल्या काही बदलांवर खुद्द लेखकाचाच हात फिरला होता.

कादंबरीची सुरुवात उत्तम आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. रात्रीच्या पाण्यातून सरकणारा तो प्रचंड मासा, पाण्यातली कंपने टिपणारी त्याची शरीररचना आणि एकटीच पोहायला उतरलेली तरुणी यांचे वर्णन बेंचली अत्यंत संयमाने करतात. आपला पाय कशाला तरी आपटला असे त्या मुलीला वाटते, ती हात खाली नेऊन चाचपते, आणि पाय जिथे असायला हवा तिथे तो नाही हे तिच्या बोटांना आधी कळते. हे वाचताना अंगावर काटा येतो.

अडचण सुरू होते ती यानंतर. अ‍ॅमिटी या उन्हाळी पर्यटनावर जगणाऱ्या गावाचा पोलीसप्रमुख मार्टिन ब्रॉडी, त्याची पत्नी एलन, शार्कचा अभ्यास करणारा श्रीमंत घरचा तरुण मॅट हूपर आणि शार्कच्या शिकारीला नेणारा नावाडी क्विंट, ही मुख्य माणसे. एलन सधन कुटुंबातली, पोलिसाशी लग्न करून गावातच अडकल्याची खंत बाळगणारी. पूर्वी ती हूपरच्या थोरल्या भावाबरोबर हिंडत असे आणि आता ती हूपरशी संबंध ठेवते. गावचा महापौर समुद्रकिनारे बंद करायला नकार देतो, कारण त्याच्या मानेवर गुन्हेगारी टोळीच्या कर्जाचे जोखड आहे. पुढे संशयाने पेटलेला ब्रॉडी हूपरचा गळा धरतो. या सगळ्याला कितीतरी पाने लागतात आणि तेवढा वेळ शार्क पाण्यात ताटकळत राहतो. वाचकाचीही गत फार वेगळी होत नाही, कारण या माणसांपैकी कोणाचाच जीव वाचावा अशी ओढ त्याला वाटत नाही. स्पिलबर्ग यांनीही पुढे सांगितले आहे, की कादंबरी वाचताना आपण शार्कच्या बाजूने झालो होतो.

म्हणून कात्री लागली. एलनचे प्रकरण गेले, महापौराची टोळी गेली. लोभी पण आपल्या गावासाठीच धडपडतो असे स्वतःला पटवून देणारा एक साधा राजकारणी मागे राहिला, आणि तो जास्त ओळखीचा वाटतो. या छाटणीत एक चांगली गोष्टही वाया गेली, हे नोंदवायला हवे. उन्हाळ्यात येणारे पैसेवाले आणि हिवाळाभर त्यांच्या पैशांवर दिवस काढणारे स्थानिक यांच्यातली तेढ बेंचली यांनी बारकाईने टिपली होती. चित्रपटात तिचा केवळ वास उरतो.

[पडद्यावर : ब्रॉडीच्या घरातील जेवणाचे टेबल.]

छाटलेल्या जागी काय आले, ते या एका प्रसंगात पाहता येते. त्याच दिवशी, शार्कने मारलेल्या मुलाच्या आईने ब्रॉडीच्या थोबाडीत मारली आहे. धोका ठाऊक असूनही त्याने किनारा उघडा ठेवला, हा तिचा आरोप आहे. आता तो घरी टेबलाशी बसला आहे, अन्नाला त्याने हात लावलेला नाही. शेजारी बसलेला धाकटा मुलगा वडिलांची प्रत्येक हालचाल उचलतो आहे. वडिलांनी पेला तोंडाला लावला की तोही लावतो, वडिलांनी बोटे गुंफली की तोही गुंफतो. ब्रॉडीच्या ते लक्षात येते, तो चेहरा वेडावाकडा करतो, मुलगाही करतो. मग तो मुलाजवळ एक पापा मागतो आणि कशाला, असे मुलाने विचारल्यावर आपल्याला त्याची गरज आहे, एवढेच सांगतो. हा प्रसंग पुस्तकात नाही. मिनिटा-दोन मिनिटांत हा माणूस आपला होतो, आणि तो पुढे पाण्यावर जाईल तेव्हा आपले काळीज त्याच्याबरोबर जाणार हे ठरून जाते.

लगेच दार वाजते आणि हूपर येतो. जेवायला काय असेल हे ठाऊक नसल्याने तो वाइनच्या दोन बाटल्या घेऊन आला आहे, एक लाल आणि एक पांढरी. हे कोणी खाणार आहे का, असे विचारून तो ब्रॉडीचे न उष्टावलेले ताट स्वतःपुढे ओढतो. कादंबरीतल्या हूपरने ब्रॉडीच्या संसाराला हात घातला होता. चित्रपटातल्या हूपरने फक्त ताटाला घातला. या एका बदलाने दोन पुरुषांमधले वैर नाहीसे झाले आणि मैत्रीला जागा मिळाली.

आता शार्ककडे वळू. चित्रीकरण मे १९७४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर, खऱ्या समुद्रात सुरू झाले. त्यासाठी पंचवीस फूट लांबीचे तीन यांत्रिक शार्क बनवले होते आणि दिग्दर्शकाच्या वकिलाच्या नावावरून त्यांना ‘ब्रूस’ म्हटले जाई. खारे पाणी लागताच ब्रूसची यंत्रणा बिघडू लागली. एक शार्क तर सरळ तळाशी गेला. शिकारीची बोटही एकदा कॅमेऱ्यांसकट बुडाली. पंचावन्न दिवसांचे ठरलेले काम १५९ दिवसांवर गेले आणि सुमारे चाळीस लाख डॉलरांचा खर्च नव्वद लाखांच्या घरात पोहोचला. पटकथाकार कार्ल गॉटलिब बेटावर राहून रात्री प्रसंग लिहीत आणि ते लगोलग चित्रित होत.

दाखवायला शार्कच नाही म्हटल्यावर त्याच्याविना त्याचे असणे दाखवणे भाग पडले. सुरुवातीच्या प्रसंगात पोहणाऱ्या तरुणीच्या, म्हणजे अभिनेत्री सुझन बॅकलिनी यांच्या अंगाला दोर बांधून किनाऱ्यावरची माणसे तिला झटके देत ओढत होती. पडद्यावर आपल्याला दिसते ते एवढेच, की एक देह पाण्यातून डावीकडे आणि उजवीकडे फरफटत जातो, आणि नंतर पाणी पुन्हा शांत होते. पुढे समुद्रात शार्कला हार्पूनने, म्हणजे दोर बांधलेल्या भाल्याने, अडकवलेली पिवळी पिंपे त्याची जागा घेतात. पिंप पाण्याखाली गेले की तो खोल गेला, वर आले की तो जवळ आला. शार्क जबडा उघडून पहिल्यांदा ब्रॉडीच्या समोर येतो, तोवर चित्रपटाचा सव्वा तासाहून अधिक वेळ उलटलेला असतो.

यातली गंमत अशी, की दाखवणे हा ज्या माध्यमाचा धर्म त्याने शार्क झाकून ठेवला. आणि शब्दांत लिहिणाऱ्याला तो हवा तितका झाकता आला असता, त्या कादंबरीने पहिल्याच पानावर त्याच्या शेपटीच्या फटकाऱ्यासह सगळे सांगून टाकले. पुस्तक वाचताना कल्पनेला वाव मिळतो, हे आपण गृहीत धरून चालतो. येथे तो वाव चित्रपटाने दिला, आणि तोही मोठ्या अंशी यंत्र बंद पडले म्हणून.

कादंबरीला मुळातच शक्य नव्हती अशी एक गोष्ट चित्रपटाला संगीतकार जॉन विल्यम्स यांनी दिली. त्यांनी दोनच स्वर आधी संथपणे आणि मग जलद होत जाणाऱ्या लयीत आलटून पालटून वाजवले. पहिल्यांदा ऐकवले तेव्हा ही थट्टाच आहे असे समजून स्पिलबर्ग हसले होते. पण या स्वरांची योजना किती प्रामाणिकपणे केली आहे, ते पाहण्यासारखे आहे. गर्दीच्या दिवशी दोन पोरे शार्कसारखा पुठ्ठ्याचा पर घेऊन पाण्यात उतरतात आणि किनाऱ्यावर पळापळ होते. त्या वेळी हे संगीत वाजत नाही. शार्क खरोखर असेल तेव्हाच ते वाजणार, असा करार प्रेक्षकाशी न बोलता झालेला असतो. त्यामुळे बोटीवर ब्रॉडी कुरकुरत पाण्यात आमिष टाकत असताना, संगीताची चाहूल न देता शार्क एकदम वर येतो आणि तो करार मोडतो, तेव्हा भल्याभल्यांची दाणादाण उडते. या चित्रपटाला पुढे संगीत, संकलन आणि ध्वनी अशी तीन ऑस्कर पारितोषिके मिळाली. दिग्दर्शनासाठी मात्र नामांकनही मिळाले नाही.

कादंबरीत हूपर शार्कजवळ जाण्यासाठी पाण्यात सोडलेल्या पिंजऱ्यात मरतो. पटकथेतही तसेच होते. त्यासाठी खऱ्या शार्कचे चित्रण करण्याचे काम ऑस्ट्रेलियातील रॉन आणि व्हॅलेरी टेलर या दांपत्याकडे दिले होते. शार्क मोठा दिसावा म्हणून लहान पिंजरा आणि पाच फुटांहूनही कमी उंचीचा माणूस, अशी युक्ती योजली होती. एकदा मात्र शार्क पिंजऱ्याच्या दोरखंडात गुरफटला आणि सुटण्यासाठी त्याने तुफान झुंज दिली. पण तेव्हा पिंजऱ्यात कोणीच नव्हते. ही दृश्ये इतकी विलक्षण होती की ती टाकून देणे कोणालाच मानवले नाही. मग पिंजरा रिकामा कसा, हे पटवण्यासाठी हूपर आधीच निसटून समुद्रतळाशी लपला, असे दाखवण्यात आले. एका खऱ्या शार्कने हूपरचा जीव वाचवला, असे म्हणायला हरकत नाही.

[पडद्यावर : बोटीची केबिन, रात्र, कंदिलाचा उजेड.]

कादंबरीत हे तिघे रोज संध्याकाळी धक्क्यावर परत येतात, घरी जाऊन झोपतात आणि सकाळी पुन्हा निघतात. चित्रपटाने त्यांना रात्री समुद्रावरच ठेवले आणि त्यामुळे ही केबिन मिळाली. क्विंट आणि हूपर दारूच्या तारेत आपापल्या अंगावरचे व्रण दाखवत हसतात. ब्रॉडी हळूच सदरा वर करून पोटाकडे पाहतो आणि काही न बोलता तो खाली सोडतो. मग क्विंटच्या दंडावरच्या पुसलेल्या गोंदणाचा विषय निघतो आणि ‘इंडियानापोलिस’ या युद्धनौकेची हकिकत सुरू होते. अणुबाँबचे भाग टिनियन बेटावर पोहोचवल्यानंतर पुढच्या प्रवासात जपानी पाणबुडीने बुडवलेल्या त्या नौकेवरच्या सुमारे बाराशे माणसांपैकी ३१६ जण वाचले. क्विंट तारीख जूनची सांगतो, ती चुकीची आहे. नौका ३० जुलै १९४५ रोजी बुडाली. हे निवेदन नाटककार हॉवर्ड सॅकलर यांच्या कल्पनेतून आले, पटकथाकार जॉन मिलियस यांनी ते वाढवले आणि क्विंटची भूमिका करणारे रॉबर्ट शॉ यांनी ते कापून, घासून घेतले. यात श्रेय कोणाचे किती, याचा वाद बराच काळ चालला. शॉ स्वतः कादंबरीकार आणि नाटककार होते, हे या ठिकाणी विसरून चालणार नाही. पुस्तकातला क्विंट हा शार्क मारून पोट भरणारा एक उर्मट माणूस आहे. या काही मिनिटांनंतर तो का मारतो, ते आपल्याला कळते.

शेवटाबद्दल लेखक आणि दिग्दर्शक यांचे जुळले नाही. कादंबरीत क्विंटचा पाय हार्पूनच्या दोरीत अडकतो आणि तो ओढला जाऊन बुडतो, तर शार्क ब्रॉडीच्या अगदी जवळ येऊन जखमांनी गतप्राण होतो आणि खाली खाली जातो. चित्रपटात ब्रॉडी शार्कच्या जबड्यात अडकलेल्या हवेच्या टाकीवर गोळी झाडतो आणि स्फोट होतो. असे घडूच शकत नाही, हा बेंचली यांचा आक्षेप रास्त होता. दोन तास प्रेक्षक आपल्याबरोबर असेल तर यावरही विश्वास ठेवील, हे स्पिलबर्ग यांचे म्हणणे तितकेच खरे ठरले. बेंचली यांनी राग धरला नाही. किनाऱ्यावरच्या प्रसंगात हातात माईक घेतलेला वार्ताहर म्हणून ते स्वतः पडद्यावर दिसतात. पुढच्या आयुष्यात त्यांनी शार्कच्या संरक्षणासाठी मन लावून काम केले.

[पडद्यावर : अखेरची श्रेयनामावली. दूरवर किनारा.]

पुस्तकाच्या शेवटी ब्रॉडी एकटाच किनाऱ्याकडे पोहत निघतो. येथे पाण्यातून हूपर वर येतो, क्विंटबद्दल विचारतो, ब्रॉडी ‘नाही’ एवढेच म्हणतो, आणि उरलेल्या पिवळ्या पिंपांना धरून दोघे पाय मारत निघतात. पूर्वी आपल्याला पाण्याचा तिटकारा होता, असे ब्रॉडी म्हणतो. का बुवा, काही कल्पना येत नाही, अशा अर्थाचे काहीतरी हूपर बोलतो. नावे वर सरकत असताना, खूप लांबवर, दोन ठिपके वाळूला लागतात आणि चालू लागतात.