पेल्यातले पाणी

सकाळचे साडेदहा वाजले आहेत आणि पडद्यावर दिसणाऱ्या या लांब दालनात अजून एकही पेला भरलेला नाही. टेबलांवर कापड अंथरले जात आहे, लिंबांनी भरलेल्या टोपल्या आत येत आहेत आणि एका कोपऱ्यात दोन माणसे हातमोजे घालून करवतीने बर्फाची लादी कापत आहेत. घरी हौसेने कॉकटेल करणाऱ्यांसाठी भरलेला हा एका दिवसाचा महोत्सव आहे. आज येथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बारच्या पलीकडे उभे राहून कधी काम केलेले नाही. कोणी शिक्षक आहे, कोणी हिशेबनीस, कोणी निवृत्त अभियंता, आणि स्वयंपाकघरातल्या एका फळीवर शेकर, मापाचा जिगर, लांब दांड्याचा चमचा आणि पाच-सहा बाटल्या एवढाच त्यांचा संसार आहे. मीही त्यांच्यापैकीच एक आहे.

घरी कॉकटेल करताना एक गोष्ट मला कित्येक वर्षे खटकत आली होती. कृतीत दिलेली मापे मी काटेकोरपणे पाळत असे, लिंबू ताजे पिळत असे, साखरेचा पाक आदल्या दिवशी करून ठेवत असे, आणि तरीही पेयाचा पहिला घोट घशाला झोंबत असे आणि शेवटचा घोट पाणचट लागत असे. चूक मद्याची आहे असे वाटून मी बाटल्या बदलून पाहिल्या, पण त्याने काहीही फरक पडला नाही. हा प्रश्न मनात ठेवूनच मी येथे आले आणि त्याचे उत्तर मला अगदी पहिल्याच टेबलावर मिळाले.

ते उत्तर समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावाहून निघणाऱ्या ‘द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी’ या वृत्तपत्राने एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना कॉकटेल म्हणजे काय हे छापून सांगितले. कोणत्याही प्रकारचे मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (थेंबांनी घालायचा वनस्पतींचा कडू अर्क), असे चार घटक त्या उत्तरात मोजलेले आहेत. मद्याविषयी आपण तासन्‌तास बोलतो, साखरेचे प्रमाण वादाचा विषय होते, बिटर्सच्या छोट्या बाटल्या तर लोक हौसेने जमवतात. पण त्या यादीतल्या पाण्याकडे घरी कोणाचेच लक्ष जात नाही, कारण ते बाटलीतून ओतावे लागत नाही. ते बर्फातून गुपचूप पेयात उतरते.

आता आपण पाहत आहोत ते टेबल याच पाण्याचे आहे. समोर चार छोटे पेले आहेत आणि चारही पेल्यांत जिन आणि ड्राय व्हर्मुथ नावाची वाइन यांचे एकच मिश्रण आहे. फरक इतकाच की पहिले बर्फावर दहा सेकंद ढवळले आहे, दुसरे तीस, तिसरे साठ आणि चौथे नव्वद सेकंद. पहिल्या पेल्याचा घोट घेताच मी तो ओळखला, कारण माझ्या घरचे पेय नेमके तसेच लागते: सुगंधाच्या आधी जळजळ पुढे येते आणि जिनमधला ज्युनिपर (जिनला तिची खास चव देणारे फळ) त्या जळजळीमागे दबून जातो. दुसऱ्या पेल्यात तोच ज्युनिपर मोकळा झाला होता, लिंबाच्या सालीचा वास वर आला होता आणि पेय जिभेवर जरा जडसर, रेशमी वाटत होते. तिसरा पेला काहींना अधिक आवडला, तर चौथ्यात पाणी जास्त झाले आहे याविषयी टेबलाभोवती फारसा मतभेद झाला नाही. घरी एका वेळी एकच पेय तयार होते आणि कालच्या पेयाची चव आज आठवत नाही, म्हणून अशी तुलना करता येत नाही. माझ्या मते या दिवसाचे खरे मोल चार पेले असे शेजारी शेजारी ठेवण्यात आहे.

प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या बाईंनी त्यानंतर जे समजावून सांगितले, ते शाळेतल्या भौतिकशास्त्राचेच होते, पण पेला हातात असताना ते पहिल्यांदा मनात ठसले. फ्रीझरमधला उणे अठरा अंशांचा एक ग्रॅम बर्फ शून्य अंशापर्यंत येताना जेमतेम नऊ कॅलरी उष्णता शोषतो, तर तोच एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ऐंशी कॅलरी शोषून घेतो. याचा अर्थ पेयाला गारवा येतो तो मुख्यतः बर्फ वितळल्यामुळेच. पेय गार व्हावे पण त्यात पाणी उतरू नये, ही माझी इतक्या वर्षांची धडपड मुळातच अशक्य गोष्टीसाठी होती. अल्कोहोलमुळे मिश्रणाचा गोठणबिंदू खाली जातो, त्यामुळे नीट ढवळलेले पेय बर्फाच्या वितळणबिंदूपेक्षाही काही अंश अधिक थंड होऊ शकते आणि त्या प्रवासात पेल्यातला सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग बर्फाच्या पाण्याचा होतो. पाणचट होण्याच्या भीतीने मी चार-पाच वेळा चमचा फिरवून थांबत होते, आणि नेमक्या त्याच कारणाने माझे पेय आधी झोंबत होते आणि मग पेल्यातच बर्फ वितळत राहिल्याने पाणचट होत होते.

कोपऱ्यातली ती बर्फाची लादी आता जवळून पाहू. तिच्यामागे ठेवलेला छापील कागद सहज वाचता येतो, इतकी ती नितळ आहे. घरच्या साच्यात बर्फ सर्व बाजूंनी एकदम गोठत जातो, त्यामुळे पाण्यात विरघळलेली हवा आणि क्षार मध्यभागी कोंडले जाऊन तेथे पांढरा ढग तयार होतो. पाणी दोनदा उकळून घेण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो, पण त्याने फारसा फरक पडत नाही. कॅम्पर इंग्लिश या लेखकाने २००९ साली मांडलेली युक्ती याहून सोपी आहे: गारवा टिकवणारी जाड भिंतींची पेटी पाण्याने भरावी आणि झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवावी, म्हणजे पाणी फक्त वरून खाली गोठत जाते, हवा व क्षार खाली ढकलले जातात आणि तळाचा शेवटचा गढूळ थर कापून टाकता येतो. दिसायला सुंदर असण्यापलीकडे अशा मोठ्या, भरीव खड्याचा उपयोग हा की त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी असल्याने पेल्यात तो सावकाश वितळतो.

त्याच्या पुढच्या टेबलावर व्हर्मुथचे तीन नमुने होते आणि तेथे मला स्वतःची दुसरी चूक उमगली. व्हर्मुथ ही मुळात वाइन आहे. तिच्यात वनस्पतींचा अर्क आणि थोडे अधिक अल्कोहोल घातलेले असल्याने ती साध्या वाइनपेक्षा जास्त टिकते, पण कायमची टिकत नाही. पहिला नमुना त्याच सकाळी उघडलेल्या बाटलीतला होता, दुसरा महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलेल्या बाटलीतला आणि तिसरा तेवढाच काळ फ्रिजबाहेर फळीवर राहिलेल्या बाटलीतला. पहिल्या दोहोंत थोडाच फरक जाणवला, पण तिसऱ्यातला फुलांचा वास जाऊन त्या जागी उरलेला शिळा, आंबूस वास विसरण्यासारखा नाही. माझ्या घरची बाटली फळीवर किती महिने उभी आहे, हे मी त्या क्षणी मनातल्या मनात मोजत होते.

दुपारनंतर दालन भरून जाते. साधने विकणाऱ्यांच्या टेबलांवर गर्दी आहे, व्यासपीठावर हौशी मंडळींची स्पर्धा चालू आहे. मी मात्र त्या वेळेतला बराचसा भाग एका माणसाच्या हातांकडे पाहण्यात घालवला. पडद्यावर दिसणारे ते हात क्लॅरिफाइड मिल्क पंच, म्हणजे दुधाच्या मदतीने नितळ केलेले पंच हे मिश्र पेय, करत आहेत. पंच या शब्दाचे मूळ आपल्या ‘पाच’ या संख्येत आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मद्य, आंबट रस, साखर, पाणी आणि मसाला हे ते पाच घटक, आणि येथेही पाण्याची गणना झालेली आहे. मेरी रॉकेट यांच्या नावाची दुधाच्या पंचची कृती १७११ सालची आहे, आणि १७६३ साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी जेम्स बोडन यांना पत्रातून पाठवलेली कृतीही उपलब्ध आहे.

काचेच्या भांड्यात आधी दूध आहे आणि त्यात लिंबाचा रस, चहा, साखर आणि रम यांचे गडद तपकिरी मिश्रण बारीक धारेने पडते आहे. दूध लगेच फाटते. आपल्यापैकी कोणाच्याही घरी असे झाले असते तर हळहळ वाटली असती, पण येथे फाटणे हेच काम आहे: दुधातले केसीन हे प्रथिन गोळा होताना चहातले तुरट टॅनिन आणि रंगद्रव्याचा मोठा भाग आपल्याला चिकटवून घेते. पहिल्यांदा गाळलेले पाणी गढूळ निघते, म्हणून ते पुन्हा त्याच चोथ्यावर ओतले जाते, कारण आता तो चोथाच गाळणीचे काम करू लागलेला असतो. त्यानंतर थेंब मोजता येतील इतक्या संथपणे जे खाली जमते, ते फिकट सोनेरी असते आणि त्याच्यातून पलीकडची बोटे स्पष्ट दिसतात. चवीला त्यात चहा आहे, लिंबू आहे, रम आहे, पण तुरटपणाची धार गेलेली आहे.

दिवसभरात पन्नासेक नमुने समोर येतात आणि ते सगळे गिळायचे नसतात, ही गोष्ट येथे पहिल्यांदा येणाऱ्याला कोणीतरी दारातच सांगायला हवी. चाळीस टक्के अल्कोहोल असलेल्या मद्याच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे साडेनऊ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते आणि ते शरीराबाहेर पडायला साधारण एक तास लागतो. उत्साहाने हा वेग वाढत नाही आणि कॉफीनेही वाढत नाही. पूर्वी एका महोत्सवात मी प्रत्येक नमुना पूर्ण प्यायले होते आणि दुपारी दोननंतर वहीत लिहिलेली अक्षरे मला पुढे लावता आली नाहीत, याचे आजही वाईट वाटते, कारण त्या दिवशी शिकवणारी माणसे चांगली होती. म्हणून प्रत्येक टेबलावर ठेवलेल्या थुंकायच्या भांड्याचा या वेळी मी निःसंकोच वापर केला, दर नमुन्यामागे घोटभर पाणी प्यायले, दुपारी पोटभर जेवले आणि परतीच्या प्रवासात गाडी चालवण्याचा प्रश्नच येणार नाही अशी व्यवस्था आधीच करून ठेवली होती. व्यावसायिक बारटेंडर तर नळीचे टोक पेयात बुडवून, वरचे तोंड बोटाने बंद करून जेवढे थेंब वर येतील तेवढ्यावरच चव ठरवतात. तेवढे थेंब खरोखरच पुरतात.

संध्याकाळी सहाला टेबले आवरली जाऊ लागली, तेव्हा बर्फाची लादी ठेवलेली परात निम्मी पाण्याने भरली होती.

दुसऱ्या दिवशी घरी पहिले काम मी व्हर्मुथची जुनी बाटली रिकामी करण्याचे केले. रात्री ढवळायच्या भांड्यात ६० मिलिलिटर व्हिस्की, ५ मिलिलिटर साखरेचा पाक आणि बिटर्सचे दोन डॅश, म्हणजे दोन शिंतोडे, मोजून घातले, ते भांडे काठोकाठ बर्फाने भरले आणि घड्याळ समोर ठेवून तीस सेकंद चमचा भांड्याच्या कडेकडेने फिरवत राहिले. नंतर पेय पेल्यात न ओतता आधी मापाच्या भांड्यात गाळले. सुमारे ६५ मिलिलिटर आत गेले होते आणि आता भांड्यावरच्या ९० च्या रेघेला द्रव टेकला होता. तो आकडा मी वहीत लिहिला, लिंबाची साल पेल्यावर मुरडली आणि मग पहिला घोट घेतला.