राखून ठेवलेला वेळ

(रात्रीचं शेत. कुंपणाशी गुडघा टेकलेला सैनिक.)

हा बंड्या. नाव आम्हीच ठेवलंय, सैनिकांची नावं या गेममध्ये बदलता येतात. बंड्या कुंपणाशी दबा धरून बसलाय आणि आमचा टर्न, म्हणजे आमची पाळी, संपलीय. आता शत्रू हलणार, आम्ही नुसतं बघणार.

तरीही बंड्याची बंदूक चालू शकते. तिला ती संधी मिळेल की नाही, हे बरंचसं आम्ही आधीच ठरवून ठेवलंय.

गेम आहे पहिला ‘एक्स-कॉम’, 1994 सालचा, परग्रहवासीयांशी पाळीपाळीने लढायचा. इंग्लंडच्या ज्युलियन आणि निक गॉलॉप या भावांनी तो घडवला, मायक्रोप्रोज कंपनीने बाजारात आणला. त्याआधी, 1988 साली, ज्युलियन यांच्या ‘लेझर स्क्वॉड’मध्येही समोरच्याच्या टर्नमध्ये संधी साधून गोळी झाडता येत होती. पण त्या एका गोळीमागचा हिशेब उलगडून बघावा, तो इथेच.

(पडद्याच्या खालचे आकडे, जवळून.)

हे टाइम युनिट्स, म्हणजे सैनिकाला हालचालींसाठी मिळणारा वेळ. बंड्याकडे एका टर्नला 56. सपाट जमिनीवर एक घर चालायला 4 लागतात, गुडघा टेकायलाही 4. रायफलची झटपट गोळी एकूण वेळातला 25 टक्के घेते, म्हणजे बंड्याचे 14. नीट नेम धरून मारली तर 80 टक्के.

आणि ही राखीव वेळेची बटणं. झटपट गोळीचं बटण दाबलं की तेवढा वेळ बाजूला राहतो. बंड्याला कितीही पुढे पळवायचा प्रयत्न करा, त्या राखीव वेळेला हात लागायची वेळ आली की तो थांबतो. आम्ही लहानपणी हे बटण वैतागून बंद करायचो. नेमाच्या गोळीचं बटण दाबलं तर शत्रूच्या टर्नमध्ये बंड्या नेम धरून मारेल, असंही वाटायचं. तसं होत नाही. तिथे झटपट गोळीच सुटते. पण जास्त वेळ राखलेला असतो, आणि त्याचा उपयोग वेगळाच आहे.

(कागदावर पेन्सिलीने मांडलेलं गणित.)

गोळीची संधी मिळते की नाही, हे असं ठरतं. प्रत्येकाची चपळाई घ्यायची, तिला उरलेल्या वेळेच्या प्रमाणाने गुणायचं. बंड्याची चपळाई 50. निम्मा वेळ राखलाय, म्हणून 25. समोरच्या परग्रहवासीयाची चपळाई 60 धरू. तो ताजातवाना असताना त्याचे 60, बंड्याचे 25. बंड्याला तो दिसतोय, पण बंदूक गप्प. तो चालतो, त्याचा वेळ घटतो. निम्म्याहून जास्त खर्चून त्याचा आकडा 25 च्या खाली आला, की बंड्याला संधी मिळते.

आता बंड्याला जागचा हलवलाच नसता तर? त्याचे पूर्ण 50 राहिले असते. शत्रूने जेमतेम पाचवा हिस्सा वेळ खर्चला असता, तेवढ्यात गोळी सुटली असती.

म्हणून या गेममध्ये स्वस्थ बसलेला सैनिक धोकादायक असतो आणि धावून दमलेला निरुपयोगी. मला हे फार मोलाचं वाटतं. शत्रूला काय उत्तर द्यायचं ते इथे वेगळा हुकूम देऊन ठरत नाही, आपण आपल्या माणसाला किती दमवलं यावरून ठरतं.

(2012 च्या गेममधलं दृश्य.)

2012 च्या नव्या ‘एक्सकॉम’मध्ये ‘ओव्हरवॉच’ आहे. एक बटण दाबलं, सैनिक पहाऱ्यावर बसला. समजायला सोपं, दिसायलाही देखणं. पण बंड्याने दोन पावलं कमी टाकली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न तिथे उरत नाही.

(पुन्हा शेत.)

अंधारात बंड्याला 9 घरांपलीकडे दिसत नाही. शत्रूला 20 घरांपर्यंत दिसतं. हिशेब चुकला तर सैनिक मरतो, आणि मेलेला परत येत नाही.

पडदा काळवंडलाय. ‘हिडन मूव्हमेंट’, म्हणजे आम्हाला न दिसणारी हालचाल. कुठेतरी दार उघडल्याचा आवाज आला.

बंड्याकडे 28 आहेत.